दोन बंदरे

(सहलीला गेल्यावर आपण पुष्कळ पाहतो, पण पाहिलेल्या गोष्टींचा आपल्या गावाशी काय संबंध आहे, याचा विचार क्वचितच करतो. दासगाव हे रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यातील सावित्री नदीकाठचे गाव. तेथील एका शिक्षकांनी मुलांबरोबर केलेल्या मुंबईच्या सहलीचे वर्णन या पाठात केले आहे.)

शाळेची सहल मुंबईला न्यायची असे ठरले, तेव्हा नववीच्या वर्गात एकच गलका झाला. कोणी म्हणाले, "राणीचा बाग!" कोणी म्हणाले, "जुहू चौपाटी!" मी खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'अपोलो बंदर, गेटवे ऑफ इंडिया आणि घारापुरी.'

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला व अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "सर, हे अपोलोचे बंदर पिंजऱ्यात असतात की मोकळे फिरतात?"

वर्गात हशा पिकला. मलाही हसू आवरेना. त्याची चूक नव्हती. घरी आपण उर्दू बोलतो, आणि उर्दूत बंदर म्हणजे झाडावर उड्या मारणारा प्राणी. मराठीत त्याला माकड म्हणतात. मराठीतील बंदर म्हणजे आपले 'बंदरगाह', जहाजे थांबण्याची जागा. हा शब्द मराठीत फारसीतून आला. दर्या, जहाज, किनारा हे शब्दही असेच आपल्या दोन्ही भाषांना ओळखीचे आहेत.

शब्दाचा अर्थ सांगून झाल्यावर मी सहज विचारले, "आता सांगा, आपल्या दासगावला बंदर आहे का?"

"नाही, सर!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, माझे दादा म्हणतात, होते."

त्या मुलीचे आजोबा ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी त्यांनी जहाजांवर खलाशाचे काम केलेले. सहलीच्या संमतिपत्रावर त्यांच्या घरून अजून सही आली नव्हती, म्हणून संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. दादा ओटीवर बसले होते.

"मास्तर, पोरीला पाठवायला माझी ना नाही," ते म्हणाले. "पण तिच्या आईला पाण्याची भीती वाटते. लाँचचे अपघात होतात, ते तिने वाचले आहे. तुम्ही पालवा बंदरावरून पोरांना लाँचने नेणार ना?"

जुनी माणसे अपोलो बंदराला पालवा बंदर म्हणतात. मी 'हो' म्हटले. दादांनी नातीला जवळ बोलावले.

"हे बघ बेटी, दर्याची भीती धरू नये, पण त्याची अदब ठेवावी. लाँचमध्ये पाय ठेवलास की आधी जॅकेट बघ, मग समुद्र बघ. जॅकेटचे पट्टे नीट बांध. आणि काहीही झाले तरी सगळ्यांनी एका बाजूला धावायचे नाही. कबूल?"

"कबूल, दादा."

आतून तिच्या आईने सही केलेला कागद पाठवला.

शनिवारी पहाटे तीन वाजता आमची एस. टी. सुटली. माणगाव, कोलाड, नागोठणे, वडखळ, पेण अशी गावे अंधारात मागे पडली. पनवेलला उजाडले. मुले पेंगुळली होती, पण मुंबईत शिरताच सगळी खिडकीला नाक लावून बसली. नऊच्या सुमारास आम्ही अपोलो बंदरावर उतरलो.

समोर गेटवे ऑफ इंडिया उभा होता. सकाळच्या उन्हात त्याचा पिवळसर बेसाल्ट दगड उजळून निघाला होता. ही कमान २६ मीटर उंच आहे. मधोमध घुमट, चार कोपऱ्यांवर छोटे मनोरे आणि बाजूला दगडातील नाजूक जाळ्या. मुलांनी जाळ्यांना हात लावून पाहिला. या वास्तूचा आराखडा जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने तयार केला. त्याने सोळाव्या शतकातील गुजरातमधील इमारतींची शैली येथे वापरली. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही त्यानेच उभारले.

मी मुलांना इतिहास सांगितला. इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी याच बंदरावर उतरले. त्या घटनेची आठवण म्हणून ही कमान बांधली गेली.

"म्हणजे राजा या दरवाजातून आत आला?" एका मुलाने विचारले.

"नाही. तेव्हा ही कमान उभीच नव्हती. तिची कोनशिला ३१ मार्च १९१३ रोजी बसवली. समुद्रात भराव घालून आधी जमीन तयार करावी लागली. काम १९२४ साली पुरे झाले आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते उद्घाटन झाले."

"मग या दरवाजातून गेले कोण?"

"२८ फेब्रुवारी १९४८ रोजी भारतातील ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी याच कमानीखालून जहाजाकडे गेली."

मुले क्षणभर गप्प झाली. मग एक मुलगी म्हणाली, "सर, राजा आला म्हणून दरवाजा बांधला, आणि त्याच दरवाजातून त्याचे सैन्य परत गेले!" तिच्या बोलण्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गेटवेसमोर ताजमहाल हॉटेल आहे. जमशेटजी टाटा यांनी बांधलेले हे हॉटेल १९०३ साली सुरू झाले, म्हणजे ते गेटवेपेक्षाही जुने आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा येथेही अनेक निरपराध माणसे मारली गेली. सर्व धर्मांच्या माणसांना त्या दिवसांत मृत्यूने गाठले. आम्ही सर्वांनी तेथे दोन मिनिटे शांत उभे राहून त्यांचे स्मरण केले. शेजारच्या बागेतील छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा पाहिला. त्याचे अनावरण २६ जानेवारी १९६१ रोजी झाले.

सहलीआधी मी मुलांना एक काम दिले होते. प्रत्येकाने बंदरावर कष्ट करणारी तीन माणसे शोधायची आणि त्यांचे काम वहीत लिहायचे. इमारतींची माहिती पुस्तकातही मिळते, पण बंदर जागते ते माणसांमुळे.

मुले पांगली आणि अर्ध्या तासात परत आली. कोणी पहाटेपासून झाडलोट करणारी सफाई कामगार बाई पाहिली होती. कोणी सायकलवर किटली लावून फिरणारा चहावाला, तर कोणी लाँचवरून धक्क्यावर दोर फेकणारा खलाशी. एका मुलाने गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या फोटोवाल्याशी गप्पा मारल्या होत्या.

"सर, ते म्हणाले, पूर्वी ते फोटो काढायचे आणि गिऱ्हाइकाच्या गावी टपालाने पाठवायचे. आता छोट्या यंत्रातून लगेच छापून देतात. पण आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे. म्हणून धंदा कमी झाला."

"मग ते दुसरे काम का करत नाहीत?"

"मी विचारले. ते म्हणाले, ज्यांच्याकडे चांगला फोन नाही, त्यांना कोण फोटो देणार?"

दहा वाजता आम्ही लाँचमध्ये बसलो. घारापुरी बेट मुंबईपासून समुद्रात सुमारे दहा-अकरा किलोमीटरवर आहे. लाँचला तासभर लागतो. खाली उतरताच दादांच्या नातीने आधी जॅकेटे शोधली. ती छताखाली खोचून ठेवली होती. काही मुलांना जॅकेट घालायची लाज वाटत होती. "फोटोत चांगले दिसत नाही," एक जण कुरकुरला.

"फोटो पाहायला घरी परत जायचे आहे ना?" ती म्हणाली. मग तिने स्वतःचे पट्टे बांधले आणि लहान मुलींचेही बांधून दिले. तिचे पाहून आमच्या शेजारी बसलेल्या सांगलीकडच्या एका कुटुंबानेही आपल्या मुलांना जॅकेटे घातली.

लाँच निघाली. गेटवे मागे मागे जाऊ लागला. डावीकडे नौदलाच्या राखाडी रंगाच्या युद्धनौका उभ्या होत्या. दूरवर न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या उंच उंच यारी दिसत होत्या. हे बंदर १९८९ साली सुरू झाले. तेथे लोखंडी पेट्यांत भरलेला माल जहाजांवर चढवतात व उतरवतात.

इतक्यात जवळून एक मोठी बोट वेगाने गेली. तिच्या लाटांनी आमची लाँच डुलली. "बोट बघा, बोट बघा!" म्हणत काही प्रवासी उठले आणि सगळे एकाच बाजूला झुकू लागले. लाँच त्या बाजूला कलली.

"बसा! सगळे आपापल्या जागी बसा!" आवाज आमच्या त्या मुलीचा होता. वर्गात हळू बोलणारी ही मुलगी एवढ्या मोठ्याने ओरडेल, असे मला कधी वाटले नव्हते. आमची मुले चटकन बसली. त्यांना पाहून बाकीचेही बसले. सुकाणूवर बसलेल्या तांडेलाने वळून पाहिले आणि तिला हात उंचावून शाबासकी दिली.

घारापुरीला उतरल्यावर मी मुलांना विचारले, "आपण आता कोणत्या जिल्ह्यात आहोत?"

"मुंबई!" सगळे म्हणाले.

"नाही. घारापुरी रायगड जिल्ह्यात येते, उरण तालुक्यात. आपण मुंबई पाहायला निघालो आणि समुद्रातून पुन्हा आपल्याच जिल्ह्यात आलो!"

पायऱ्या चढून आम्ही लेण्यांपाशी पोहोचलो. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी कारागिरांनी हा डोंगर आतून कोरून काढला. बाहेरून दगड आणून काहीही जोडलेले नाही. मुख्य लेण्यातील तीन मुखांची शिवमूर्ती सुमारे वीस फूट उंच आहे. तिच्यासमोर उभे राहिल्यावर नेहमी बडबडणारी मुलेही कुजबुजत बोलू लागली. १९८७ साली युनेस्कोने या लेण्यांचा जागतिक वारसा म्हणून गौरव केला. पोर्तुगिजांनी येथे दगडाचा मोठा हत्ती पाहिला व बेटाला एलिफंटा हे नाव दिले. तो हत्ती आता मुंबईत भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. या बेटावरील गावांना समुद्राखालून तार टाकून वीज मिळाली ती २०१८ साली. झगमगणारी मुंबई समोर दिसत असूनही येथील लोकांना नियमित विजेसाठी एवढी वर्षे थांबावे लागले.

खाली उतरताना एका माकडाने शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाच्या हातातील चुरमुऱ्यांचा पुडा हिसकावला. मुलगा आधी दचकला, मग हसू लागला. "सर, बंदरावरून निघालो आणि बंदरांच्या बेटावर आलो!"

दुपारी परतल्यावर आमची एस. टी. भाऊच्या धक्क्याजवळ थोडा वेळ थांबली. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य या गृहस्थांनी मुंबईत धक्का बांधला. लोक त्यांना भाऊ म्हणत, म्हणून हे नाव पडले. येथे मासे उतरवले जातात. येथून रेवसला लाँच जातात, आणि २०२० सालापासून मांडव्याला मोटारी घेऊन जाणारी मोठी बोटही जाते. मुलांनी वास येतो म्हणून नाकाला रुमाल लावले. मी म्हणालो, "रुमाल काढा. हा हजारो घरांच्या भाकरीचा वास आहे."

तेथेच मी त्यांना रामदास बोटीची हकिकत सांगितली. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. पावसाळी वादळात सापडून ती कलली व बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोट कलताच घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, असे सांगतात. कोकणातील कितीतरी घरांत त्या दिवशी चूल पेटली नाही. अलीकडे १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या एका प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली. तेव्हाही अनेकांचे प्राण गेले.

"दादा म्हणाले होते ते यासाठीच," मुलगी हळूच म्हणाली. आपण सकाळी काय केले, ते तिला आता कळले होते.

परतीच्या वाटेवर तिने मला विचारले, "सर, आपले बंदर खरेच होते ना? मग ते गेले कुठे?"

मी म्हणालो, "सोमवारी सांगतो."

सोमवारी शेवटच्या तासाला मी वर्गाला खाडीवर घेऊन गेलो. ओहोटी लागली होती. काठावर चिखल दिसत होता. दादाही काठी टेकत आले होते.

सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. पोलादपूर, महाड, दासगाव असा प्रवास करून ती बाणकोटजवळ समुद्राला मिळते. समुद्राची भरती खाडीतून आत येते. त्या पाण्यावर गलबते दासगावपर्यंत येत आणि ओहोटीबरोबर खाली जात. "मीठ यायचे, कौले यायची," दादा म्हणाले. "भात आणि लाकूड मुंबईला जायचे. माणसेही जायची. मुंबईत नोकरीला जाणारा याच वाटेने जाई." पुढे डोंगरावरचा गाळ खाडीत साठत गेला. मुंबई-गोवा रस्ता झाला, एस. टी. आली. बोटीने लागणारा वेळ कोणाला परवडेना. बंदर कोणी बंद केले नाही. तेथे येणारी माणसे कमी कमी होत गेली.

"पण मुलांनो," मी म्हणालो, "या बंदरावर एकदा फार मोठा माणूस उतरला होता. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्या लोकांना घेऊ देत नसत. जनावरे तेथे पाणी पिऊ शकत, पण माणसे नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी ते पाणी प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली. तिच्यासाठी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी 'पद्मावती' या बोटीने मुंबईहून निघाले आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी दासगावच्या बंदरावर उतरले. येथे सत्याग्रहींनी त्यांचे स्वागत केले. येथून ते महाडला गेले."

"परिषद कुठे भरली, सर?"

"महाडमध्ये जागा मिळेना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली."

मुलांच्या चेहऱ्यांवर आश्चर्य आणि अभिमान दोन्ही उमटले. दादा खाडीकडे पाहत उभे होते. जुलै २००५ मध्ये याच गावावर दरड कोसळली होती आणि अनेक माणसे गेली होती. दासगावचे नाव वर्तमानपत्रात आले ते त्या दुःखामुळे. आपल्या गावाचे नाव अशा चांगल्या गोष्टीसाठीही इतिहासात आहे, हे मुलांनी पहिल्यांदाच ऐकले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरलो, तेव्हा फळ्यावर सुंदर अक्षरांत लिहिले होते :

अपोलो बंदर – ४ डिसेंबर १९२४. राजाच्या आठवणीसाठी कमान.
दासगाव बंदर – २५ डिसेंबर १९२७. पाण्याच्या हक्कासाठी आलेली माणसे. कमान नाही.

अक्षर दादांच्या नातीचे होते. खाली शेवटच्या बाकावरच्या मुलाने लिहिले होते, 'आपल्या गावाला बंदर आहे का? होय, सर!'

मी ते पुसले नाही. त्या दिवशी मी फळ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागावर शिकवले.

शब्दार्थ
गलका – गडबड, शोर
बंदर – बंदरगाह
खलाशी – जहाजावर काम करणारा, मल्लाह
तांडेल – लाँच किंवा होडी चालवणाऱ्यांचा प्रमुख
यारी – जड माल उचलण्याचे उंच यंत्र
कलणे – एका बाजूला झुकणे
गलबत – शिडाचे जहाज
प्राशन करणे – पिणे
दरड – डोंगराचा तुटून खाली येणारा भाग

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जुनी माणसे अपोलो बंदराला काय म्हणतात?
(आ) घारापुरी बेट कोणत्या जिल्ह्यात आहे?
(इ) डॉ. आंबेडकर कोणत्या बोटीने दासगावला आले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) दादांनी नातीला कोणती शिकवण दिली? तिचा उपयोग कसा झाला?
(आ) दासगावचे बंदर का ओस पडले?
(इ) फळ्यावरचे लेखन शिक्षकांनी का पुसले नसेल?

३. 'बंदर' या शब्दाचे मराठी व उर्दू अर्थ दाखवणारी दोन वाक्ये तयार करा. असेच दोन्ही भाषांत असलेले पाच शब्द शोधा.

४. वाक्यांत उपयोग करा : हशा पिकणे, हसू न आवरणे, चूल न पेटणे.

५. उपक्रम : आपल्या गावातील एका वृद्ध व्यक्तीला भेटा. गावात पूर्वी असलेली, पण आता नसलेली एखादी जागा कोणती, ते विचारा आणि दहा ओळी लिहा.